वरीलप्रमाणे

डी मॉइनमधल्या एका सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
मी विमा एजंटांच्या लायसन्सांचं नूतनीकरण बघते.
इथला नियम असा : माणूस ज्या महिन्यात जन्मला
त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला त्याचं लायसन्स संपतं.
तीन वर्षांतून एकदा.
म्हणून राज्यातल्या झाडून सगळ्या एजंटांचे वाढदिवस मला ठाऊक,
चेहरा एकाचाही नाही.

फी पन्नास डॉलर. छत्तीस तासांचा अभ्यास,
त्यातले तीन नीतिमत्तेचे.
तीनच? असं मी पहिल्या आठवड्यात डार्लीनला विचारलं.
ती म्हणाली, पूर्वी तेवढेही नव्हते.

उशीर झाला की दंड.
उशिराचं कारण लिहायला अडीचशे अक्षरांचा चौकोन.
त्यात माणसं काय काय कोंबतात :
घटस्फोट, गुडघ्याचं ऑपरेशन, विसरलेला पासवर्ड.
एकानं नुसतं लिहिलं होतं, ‘मका’.
ऑक्टोबर होता, मी समजले.
दंड लागलाच.

मेच्या पहिल्या सोमवारी
वेन्डेल हॉगन हे नाव आपोआप लाल झालं.
डेकोराच्या पलीकडचा, गारपिटीचा विमा विकणारा.
लायसन्सचा आकडा इतका लहान की मशीन
पुढं शून्यं लावून त्याला इतरांच्या उंचीचं करतं.
त्याला नोटीस गेली. दंडासकट. तीही आपोआप.

उत्तर आलं ते कागदावर,
रेघी वहीच्या पानावर, निळ्या शाईत. आर्डिस हॉगन.
‘वेन्डेल जानेवारीत गेला.
दंड किती ते कळवा, मी भरते.
त्यानं कुणाचं काही ठेवलं नाही.
आणि एक दुरुस्ती, आता तिचा उपयोग नसला तरी.
तुमच्याकडे त्याचा जन्म एप्रिलातला आहे.
तो जानेवारीतला.
रस्ता बर्फात बुजला होता. सासरे गावात पोचले
ते चिखल वाळल्यावर,
आणि कारकुनानं त्याच दिवसाची तारीख घातली.
केक आम्ही जानेवारीतच कापायचो.
एप्रिल फक्त तुमच्यासाठी होता.’

मी पान पालथं ठेवलं.
मग उलथं.

माझ्या ओळखपत्रावर एक जून आहे.
आमच्या वर्गातल्या अकरा जणांचा एक जूनच,
दगडू गुरुजींनी रजिस्टरात एकदाच लिहिलेला,
खाली ओळीनं नुसत्या दोन-दोन टिकल्या.
आई सांगते, हरभऱ्याला घाटे धरले होते,
मंगळवार होता,
आणि चांभारवाड्यातल्या कुणाची तरी म्हैस हरवली होती.
एवढ्यावरनं तारीख निघत नाही.
दर एक जूनला डार्लीन माझ्या टेबलावर मफिन ठेवते,
वर एक मेणबत्ती, न पेटवलेली, कारण गजर वाजतो.
पंधरा वर्षं झाली, मी ‘कशाला गं’ म्हणत खाते.

स्क्रीनवर कारणांची यादी असते :
स्वेच्छेनं परत, रद्द, राज्य सोडलं, मयत.
मी मयत निवडलं. दंड शून्यावर आला.
तारीख दुरुस्त करायला मात्र जन्मदाखला लागतो
आणि जन्मदाखल्यावर एप्रिलच आहे.

आर्डिसबाईंना ठरलेलं पत्र गेलं, तीन ओळींचं,
आपणांकडून काही येणे नाही.
खाली जागा उरली होती, तिथं मी पेनानं लिहिलं
(असं लिहायचं नसतं)
की तुमची दुरुस्ती वाचली.
जानेवारी.

मग जूनची यादी उघडली.
पहिल्या तारखेची नावं जरा जास्तच वाटली मला,
नेहमीच वाटतात.
त्यात एक सोनटक्के, सीडर रॅपिड्सचा,
घराचा नि मोटारीचा विमा.
त्याचा अर्ज मी सावकाश, दोनदा पाहिला.
नीतिमत्तेचा एक तास कमी होता.
परत पाठवला.